निकालाला न येणाऱ्या बाई

पेणच्या लॉ कॉलेजात सगळ्या शिक्षिकांना मॅडम म्हणायची पद्धत होती. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला आम्हीही एका सुरात ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हटलं. तर टेबलापाशी उभी असलेली ती उंच, खांद्यात जराशी वाकलेली व्यक्ती म्हणाली, “मॅडम नको. मॅडम म्हटलं की मला साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. बाई म्हणा.”

तेव्हापासून त्या बाई. गुन्हेगारीशास्त्र शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे, आम्हाला जे शिकवणं वाटायचं त्यातलं त्या फारसं काही करत नसत. त्या पहिल्या तासाला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, “तुमच्यापैकी चोर कोणी बघितलाय?”

पेणमधल्या एका मूर्तिकाराच्या मुलाने हात वर केला. “आमच्या आळीत एकदा पकडला होता, बाई. खांबाला बांधून ठेवला होता.”

“दिसायला कसा होता?”

“असाच. सावळासा.”

“वय?”

“असेल तिशीचा. नक्की नाय सांगता येणार.”

“नाव?”

“नाव कोण विचारतंय बाई.”

“मग तू चोर नाही बघितलास,” बाई म्हणाल्या. “तू दोरी बघितलीस.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खडू खाली ठेवून त्या खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मला वाटलं रागावल्या. पुढे कळलं, त्यांना पुढचा प्रश्न सुचेपर्यंत त्या अशाच उभ्या राहतात आणि कधी कधी तास संपेपर्यंत तो सुचत नाही.

हजेरी घेताना त्या आमची नावं वाचत नसत, गावं वाचत. “वडखळ? धरमतर? नागोठणे?” मी निडीची, म्हणून मी पुढची चारही वर्षं ‘निडी’ होते. गावाचं नाव घेऊन झालं की एखाद्याला थांबवून विचारायच्या, “तुझ्याकडे सध्या काय चाललंय?” धरमतरच्या मुलाने सांगायचं की खाडीत बार्ज कमी येताहेत आणि वडील आता मुंबईला कामाला जायचं म्हणतायत. वडखळच्या मुलीने सांगायचं की रस्त्याच्या कामात पुढची ओटी गेली. या चौकशीत अर्धा तास जाई. अभ्यासक्रम कधी पुरा होत नसे. शेवटी काही मुलांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. बाईंनी ती वर्गातच मान्य करून टाकली. “बरोबर आहे तक्रार. मी धडे पुरे करत नाही. पण पुस्तक तुम्हाला वाचता येतं ना? माणसं वाचायला कोण शिकवणार तुम्हाला, ते प्राचार्यांना विचारून या.” कोणी गेलं नाही. परीक्षेच्या आधी आम्ही सगळे गाइडं आणून घोकत बसलो, आणि त्यांना मनातल्या मनात खूप बोललो.

डबा त्या उभ्यानेच खात. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हातावर घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालायच्या आणि जाता जाता कोणाच्याही डब्यातलं उचलायच्या. एकदा माझ्या डब्यातली घावनाची घडी उचलून त्या म्हणाल्या, “ही चोरी झाली का?”

“नाही बाई. तुम्ही मागितलं असतं तर मी दिलंच असतं.”

“दिलं असतंस. दिलं नव्हतंस.” घावन खात त्या चालू लागल्या, आणि आमच्या सबंध घोळक्यात संमती म्हणजे काय, अप्रामाणिक हेतू कशाला म्हणायचा, यावर भांडण जुंपलं. परत फेरी मारून त्या आल्या तेव्हा आम्ही पार खटला उभा केला होता. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि दुसऱ्या मुलीच्या डब्यातलं लोणचं उचललं.

वर्तमानपत्राशी त्यांचं रोजचं भांडण असे. सकाळी रोह्याहून सुटणाऱ्या गाडीत त्या बसलेल्या असत, मी निडीला चढत असे. त्यांच्या मांडीवर पेपर आणि हातात लाल पेन. ‘सराईत गुन्हेगारास अटक’ असं कुठे छापलेलं दिसलं की त्या ‘सराईत’वर काट मारायच्या. “सराईत सुतार असतो. सराईत आचारी असतो. याच्यावर अजून एकही गुन्हा शाबीत नाही आणि हा सराईत कसा झाला गं?” मग संपादकाला फोन. त्या संपादकाला त्यांचा नंबर पाठ झाला असावा. एकदा तर त्यानेच फोन केला, “बाई, आज ‘संशयित’ लिहिलंय, बघितलंत का?” त्या दिवशी बाईंनी गाडीतल्या शेंगदाणेवाल्याकडून दाणे घेऊन आजूबाजूच्या सगळ्यांना वाटले.

आम्ही चौथ्या वर्षाला असताना फौजदारी कायदे बदलले. जुनी संहिता गेली, नवी आली, कलमांचे आकडे बदलले. कॉलेजात सुतक आल्यासारखं झालं. ज्या सरांनी सारी हयात तीनशे दोन म्हणजे खून, चारशे वीस म्हणजे फसवणूक असं शिकवलं, ते खुर्चीत बसून नव्या पुस्तकाकडे नुसते बघत असत. बाई मात्र खुशीत होत्या. “बरं झालं. आता काही वर्षं तरी आकडे कोणाला आठवणार नाहीत. काय घडलं ते शब्दांत सांगावं लागेल.”

त्या रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, नदीच्या पुलापलीकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. तरुणपणी त्यांनी वकिली केली होती एवढं सगळ्यांना माहीत होतं. ती का सोडली याबद्दल मात्र जितकी तोंडं तितक्या कथा. कोणी म्हणे, एका खटल्यात त्यांचा अशील निर्दोष असून आत गेला. कोणी म्हणे, दोषी असून सुटला. गाडीत एकदा धीर करून मी विचारलंच.

“जमत नव्हती मला,” त्या म्हणाल्या. “समोरच्या वकिलाचं म्हणणंही मला पटायचं.”

ही थट्टा नव्हती. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायची त्यांना खोडच होती. कॉलेजात आम्ही लुटुपुटीचे खटले चालवायचो. रात्रंदिवस तयारी करून मुलं काळे कोट घालून उभी राहिली की बाई म्हणायच्या, “आता बाजू बदला.” आरोपीच्या वकिलाने सरकारी वकील व्हायचं आणि सरकारी वकिलाने आरोपीचा. मुलींना रडू यायचं. एका मुलाने कोट काढून बाकावर आपटला होता. बाईंनी तो उचलून झटकला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “राग आला ना? चांगलं आहे. म्हणजे आधीच्या बाजूवर तुझा जीव बसला होता. आता दुसऱ्या बाजूवर बसव.”

तासिका नसलेल्या दिवशी त्या रोह्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसत. आमच्यापैकी कोणी बरोबर आलं तर चालायचं, पण तोंड उघडायचं नाही. “जज्जांकडे बघू नका,” त्या सांगत. “त्यांच्याकडे सगळेच बघतात. बाकावर कोण बसलंय ते बघा.” त्या तारखांना जात, निकालाला कधी जात नसत. एखादी केस त्यांनी दोन-तीन वर्षं तारीख न चुकवता बघितलेली असायची आणि निकालाच्या दिवशी त्या पेणला वर्गात खिडकीशी उभ्या असायच्या. कारण विचारलं तर म्हणत, “निकालाला लोक असतात. तारखेला कोणी नसतं.”

अशाच एका तारखेला सुमन भेटली.

मी तिसऱ्या वर्षाला होते. मागच्या बाकाच्या टोकाला एक बारकीशी बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. कुठेतरी बघितल्यासारखी वाटली, आमच्याच बाजूच्या कातकरीवाडीतली असावी. दुपारपर्यंत तिचं नाव कोणी पुकारलं नाही, तिने कोणाला काही विचारलं नाही. कोर्ट जेवायला उठलं तशा बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि अर्धी भाकरी तिच्या पुढे धरली.

“कोणाची तारीख गो?” बाई तिच्यासारखंच बोलल्या.

“तारीख नाय. बघाया आली. माझ्या घरवाल्याला कोर्टानं सोडला म्हनले. पन तो काय घरी येत नाय.”

हळूहळू कळलं ते असं. तिचा नवरा चंदर. एका फार्महाउसवर झाडांना पाणी घालायला, गवत कापायला जायचा. तिथला पाण्याचा पंप चोरीला गेला. मालक मुंबईचे, ते तिथे नव्हते. राखणदाराने चंदरचं नाव घेतलं. पंप सापडला नाही, पण चंदर जिल्ह्याच्या तुरुंगात गेला. सरकारी मदतीतून मिळालेल्या वकिलाने जामिनाचा अर्ज केला, कोर्टाने तो मंजूरही केला. फक्त जामीनदार हवा होता, ज्याच्या नावावर जमीन आहे असा. वाडीत कोणाच्याच नावावर जमीन नव्हती. ज्या घरात ते राहत होते त्याच्याखालचीही नाही. त्यामुळे कागदावर चंदर सुटला होता आणि प्रत्यक्षात आत होता. सुमन ‘सोडला’ या शब्दावर विश्वास ठेवून घरी भात रांधून वाट बघत होती, आणि वाट बघून थकली तेव्हा चालत कोर्टात आली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, “कोणाकोणाच्या घरी सातबारा आहे?”

आम्ही जवळपास सगळेच शेतकऱ्यांची मुलं. जवळपास सगळे हात वर गेले.

“एका माणसाला तुम्ही ओळखत नाही. त्याच्यावर चोरीचा आरोप आहे. त्याला जामीन राहायला तुमच्या घरातलं कोण तयार होईल?”

हात खाली आले. कोणी मुद्दाम खाली घेतले असंही नाही, ते आपोआप आले. बाई चिडल्या नाहीत. “हा जामिनाचा धडा होता,” म्हणाल्या, “संपला.” आणि बाहेर गेल्या.

गाडीत मी त्यांना विचारलं, “बाई, तुम्ही का नाही राहत जामीन?”

“गावाकडे माझ्या नावावर थोडी जमीन आहे. तिच्यावर मी आधीच दोघांना जामीन आहे. कोर्टात ते सांगावं लागतं. तिसऱ्यांदा गेले तर धंदेवाईक जामीनदार म्हणतील मला, आणि ते म्हणणं चूक नसेल.”

मी घरी विषय काढला. आमची भातशेती, त्यानंतर त्याच जमिनीत वाल. बाबा माणूस तापट नाही, पण ठाम. भाताची पेंढी रचता रचता त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, “काय गो, तुला वकील व्हायला धाडली का चोर सोडवायला?”

“तो चोर आहे हे अजून ठरलं नाय बाबा.”

“माझ्या वालाच्या शेंगा नेतात ती लोकं. ते ठरलंय.”

विषय संपला. मी बाईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं,” आणि मग एकदम, “तुमच्याकडे पोपटी कधी लावतात?”

त्या रविवारी, दुपार कलल्यावर, बाई आमच्या दारात उभ्या. निडी स्टेशनातून शेताच्या बांधांवरून चालत आल्या होत्या, चपला हातात आणि साडीला कुसळं. ओटीवर बसून त्यांनी आईबरोबर शेंगा निवडल्या. बाबांनी शेतात पोपटीचं मडकं लावलं. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर परत पाला, आणि भोवती पेंढ्याचा जाळ. बाई तिथेच बांधावर बसून बाबांना विचारत राहिल्या की वालाला पाणी लागतं का, दंव किती पडावं लागतं. बाबा उत्तरं देत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होते, की आता काढतील विषय, मग काढतील. मडकं उतरलं, शेंगा केळीच्या पानावर ओतल्या, खाऊन होत आल्या. बाईंनी चंदरचं नावही काढलं नाही.

शेवटी बाबांनाच राहवलं नाही. “तुम्ही त्या कातकऱ्याच्या कामासाठी आलात ना?”

“मी पोपटीसाठी आले. त्याचं कळलं मला, तुम्ही नाही म्हणालात ते.”

“उद्या तो पळाला तर?”

“तर कोर्ट तुम्हाला बोलावेल. दंड भरायला लावेल. तुम्हाला त्रास होईल, मी खोटं सांगणार नाही.”

“ती लोकं कोळशाच्या भट्टीवर जातात. पार कर्नाटकात जातात, महिने महिने येत नाहीत.”

“जातात खरी. आणि तो गेला तर तुम्ही त्याला कुठे शोधणार? तेही आहेच.”

बाबा गोंधळले. भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं. “आणि शेंगा नेल्या माझ्या दोन साल मागं, त्याचं काय?”

“कोणी नेल्या?”

“त्यांनीच.”

“म्हणजे कोणी?”

बाबा पानावरची टरफलं एका बाजूला सारू लागले. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. हात धुतले, आईला पोपटी छान झाली होती म्हणून सांगितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

बाई गेल्यावर आई पानं गोळा करत म्हणाली, “त्याची बायको सुमन. आपल्याकडे लावणीला येते ती.”

“कोणती?”

“दरसाल येते. लाल पातळातली, बारकी. गेल्या साली पोरगं बांधावर झोळीत ठेवलेलं तिनं.”

बाबा थांबले. “तिचा घरवाला तो? पाय ओढत चालतो, तो?”

“तोच.”

बाबांनी जाळात एक पेंढी टाकली. मग अगदी त्रासून म्हणाले, “तो लंगडा कुठं पळतोय?”

आम्ही दोघी खाली बघून पानं गोळा करत राहिलो. हसलो असतो तर त्यांनी विचार बदलला असता.

कोर्टात बाबा धुतलेला सदरा घालून उभे राहिले. बाईंनी त्यांना एकच सांगितलं होतं, विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. न्यायाधीशांनी विचारलं, “आरोपीला ओळखता का?”

“ओळखतो म्हंजे, त्याच्या बायकोला ओळखतो. ती आमच्या लावणीला येते. त्याला चालताना बघितलाय.”

“मग जामीन का राहताय?”

बाबांनी मागच्या बाकाकडे बघितलं. “साहेब, माझी मुलगी वकिली शिकते. तिच्या बाई माझ्याकडं आल्या, पोपटी खाल्ली आणि काय मागितलंच नाय. तेव्हापासून मला बरं वाटत नाय.”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही मान खाली घालून हसले असावेत. कागदांवर सह्या झाल्या. दोन दिवसांनी चंदर घरी आला.

पण बाबांचा विश्वास बसला होता असं नाही. पुढच्या तारखेला सकाळीच त्यांनी मोटरसायकल काढली आणि वाडीत जाऊन चंदरच्या दाराशी उभी केली. “चल, बस.” त्याच्या पुढच्या तारखेलाही तेच. कोर्टात ते त्याच्या शेजारीच बसत, पाणी प्यायला गेला तरी नजर त्याच्यावर. चंदर बोलायचा कमी. काही तारखा गेल्यावर दोघं येताना एसटी स्टँडजवळ वडापाव खाऊ लागले. मग एकदा बाबा घरी आले ते मासे घेऊन. चंदरने नदीत पकडलेले. “त्यानं दिलं,” एवढंच म्हणाले आणि आईच्या हातात पिशवी देऊन आत गेले. पुढच्या सालच्या वालात आमच्या शेताच्या एका कोपऱ्यातल्या शेंगा बाबांनी खुडल्याच नाहीत. त्या वाडीसाठी ठेवल्या होत्या. ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, सुमन शेंगा न्यायला आली तेव्हा कळलं.

मग ती तारीख आली. राखणदाराची साक्ष व्हायची होती. बाबा तापाने फणफणले होते, मोटरसायकल काढायचा प्रश्नच नव्हता. आणि चंदरकडे फोन नाही. तो आपला आपण येईल असं धरून मी कोर्टात आधीच जाऊन बाईंच्या शेजारी बसले. चंदरचं नाव पुकारलं गेलं. कोणी आलं नाही. वकिलांनी विनंती केली, न्यायाधीशांनी केस थोड्या वेळाने घ्यायची म्हणून मागे ठेवली.

तो आला नाही तर वॉरंट निघणार, बाबांना नोटीस जाणार, आणि आमच्या घरात पुन्हा कधीही कोणी कोणासाठी उभं राहणार नाही. मी उठून बाहेर जायला निघाले तर बाईंनी माझा हात धरला. “बस.”

“बाई, कोणाला तरी वाडीत पाठवते.”

“बस, निडी. त्याला येऊ दे.”

“आणि नाही आला तर?”

“तर नाही आला.” त्या शांतपणे म्हणाल्या, पण माझा हात त्यांनी सोडला नाही.

नाव परत पुकारलं गेलं तेव्हा दारात चंदर उभा होता. चेहरा धुळीने माखलेला, सदरा पाठीला चिकटलेला. निडीपासून रोह्यापर्यंत तो पाय ओढत चालत आला होता. न्यायाधीशांनी उशिराचं कारण विचारलं. चंदर हात जोडून म्हणाला, “दादा आले नायत म्हनून त्यांच्या घरी गेलो. ताप हाय त्यांना. जरा बसलो त्यांच्यापाशी. ते नायत तर मला कोर्टात आत घेतील का नाय, तेच समजत न्हवतं.”

त्याला वाटत होतं, दर तारखेला जामीनदाराने बरोबर यायचंच असतं. सगळ्यांचेच जामीनदार येत असतील, अशी त्याची समजूत. बाबांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं की ते विश्वास नाही म्हणून येतात. आणि चंदरला ते कधी सुचलंही नव्हतं. बाई खाली मान घालून पदराने चष्मा पुसत बसल्या. बराच वेळ पुसत होत्या.

राखणदाराला वकिलांनी विचारलं, चंदरला पंप नेताना बघितलं का. तो म्हणाला, नाही. मग नाव का घेतलं? “सगळे म्हणाले वाडीतलाच कोणीतरी असणार. वाडीतला एवढाच कामाला होता.” तो माणूस वाईट नव्हता. नोकरी जाईल म्हणून घाबरला होता. बाहेर आल्यावर बाईंनी त्यालाही चहा पाजला, आणि बाबांना ते कळल्यावर ते आठवडाभर बाईंवर नाराज होते.

निकालाच्या दिवशी बाबा, सुमन, आई, मी, सगळे कोर्टात. चंदर निर्दोष सुटला. मी बाईंना फोन लावला, उचलला नाही. पेणला त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होत्या. दुसऱ्या दिवशी गाडीत मी सांगायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, “मला कळलंय. सुमन काय म्हणाली ते सांग.” सुमन काही म्हणाली नव्हती, ती नुसती चंदरच्या हाताला धरून पायऱ्या उतरली होती, असं मी सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता मला सनद मिळाली आहे. रोह्याच्याच एका वकिलांच्या हाताखाली काम करते. बाई निवृत्त झाल्या, पण अष्टमीहून पूल ओलांडून कोर्टात येतात आणि मी युक्तिवाद करताना माझ्याकडे अजिबात बघत नाहीत. संध्याकाळी भेटल्या की समोरच्या वकिलाचा मुद्दा कसा चांगला होता ते सांगतात. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. आता मी तो आधीच लिहून काढते.

गेल्या महिन्यात बाई, मी आणि बाबा वाडीत गेलो होतो. वाडीतल्या लोकांनी वनजमिनीच्या हक्कासाठी अर्ज केलेत, त्यांची कागदपत्रं बघायला. चंदरचाही अर्ज आहे. त्याचे आजोबा डोंगरउतारावरच्या ज्या वरकस तुकड्यावर नाचणी लावायचे, तोच. मोजणी झाली होती, गावसभेचा ठराव झाला होता, पुढचं वरच्या समितीकडे होतं. बाईंनी सगळे कागद नीट वाचले आणि म्हणाल्या, “वेळ लागेल. पण होण्यासारखं आहे.”

सुमनने चहा आणला. चंदर कागद पिशवीत घालता घालता म्हणाला, “जमीन नावावर झाली ना बाई, का मग मी पन जामीन रव्हीन.”

असल्या वनजमिनीच्या पट्ट्याचा कागद जामिनाला चालतो का, त्याला कोर्ट काय म्हणेल, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी चहा प्यायले.

“कोणासाठी राहशील?” बाईंनी विचारलं.

चंदरला प्रश्नच कळला नाही. त्याने बाबांकडे बघितलं, मग बाईंकडे.

“कोन का असंना,” तो म्हणाला.